अदृश्य सूत्रधार : समाजमाध्यमांवरील चळवळींचे नेतृत्व

समाजमाध्यमांवरील गट ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. गावच्या नळाला पाणी का येत नाही येथपासून देशाचा एखादा कायदा बदलावा की बदलू नये येथपर्यंत असंख्य प्रश्नांवर माणसे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकत्र येतात, आपले गाऱ्हाणे मांडतात आणि प्रसंगी रस्त्यावरही उतरतात. अशा गटांविषयी एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘या चळवळीला नेता नाही, लोक आपणहून आले.’ लोक आपणहून आले, हे खरे असते. नेता नाही, हे मात्र सहसा खरे नसते. कोणी तरी गटाला नाव दिलेले असते, पहिला मजकूर लिहिलेला असतो, कोणता अभिप्राय ठेवावा आणि कोणता पुसावा हे ठरविलेले असते. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी जमावे, ही ओळदेखील कोणा एका व्यक्तीच्याच बोटांनी उमटलेली असते. या व्यक्तीला आपल्याकडे सर्रास ‘ॲडमिन’ म्हणतात. हा शब्द कचेरीतल्या कारकुनी कामाची आठवण करून देतो आणि म्हणूनच तो काहीसा फसवा आहे.

या नव्या नेतृत्वाचे सामर्थ्य किती, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्यातील जोखीम अखेर कोणाच्या माथी येते, हे समजून घ्यावयाचे तर इजिप्तमधील एका फेसबुक पानाची हकीकत फार उपयोगी पडते. ती आता पुरेशी जुनी झाली आहे. तिचा आरंभ, उत्कर्ष आणि शेवट हे तिन्ही स्वच्छ दिसतात. शिवाय ते पान चालविणाऱ्यानेच पुढे आपल्या कामाविषयी, आणि आपल्या चुकांविषयीही, मोकळेपणाने लिहिले व सांगितले आहे.

महल्लाच्या गिरण्या

इजिप्तमध्ये १९८१ पासून आणीबाणीचा कायदा अखंड अमलात होता. विनापरवाना जमण्यास मनाई होती, पोलिसांना अटकेचे व्यापक अधिकार होते आणि विरोधी पक्षांचे बळ नाममात्र होते. अशा देशात सभा घेणे, पत्रके वाटणे, वर्गणी गोळा करणे ही चळवळीची नेहमीची साधने जवळजवळ निरुपयोगी ठरतात. तेथील तरुण इंटरनेटकडे वळले ते हौसेने नव्हे, तर दुसरी वाट फारशी मोकळी नव्हती म्हणून.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग २००८ साली झाला. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील महल्ला अल्-कुब्रा हे कापडगिरण्यांचे शहर. तेथील कामगारांनी डिसेंबर २००६ मध्ये एक मोठा संप यशस्वी करून दाखविला होता. पुढे धान्याचे व पावाचे भाव भडकले तेव्हा त्यांनी ६ एप्रिल २००८ रोजी पुन्हा संपाची हाक दिली. इस्रा अब्देल फत्ताह आणि अहमद माहेर या दोघा तरुणांनी संपास पाठिंबा म्हणून फेसबुकवर एक गट उघडला आणि त्या दिवशी सर्वांनी घरीच राहावे, असे आवाहन केले. थोड्याच दिवसांत सुमारे ७०,००० लोक गटात दाखल झाले. प्रत्यक्ष त्या दिवशी पोलिसांनी गिरणीचा ताबा आधीच घेतला; पण महल्लाच्या रस्त्यांवर उसळलेला असंतोष साऱ्या देशाने पाहिला. इस्रा अब्देल फत्ताह यांना अटक झाली व दोन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला.

महिन्याभराने, ४ मे रोजी, अध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या ८० व्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून याच मंडळींनी दुसऱ्या संपाची हाक दिली. गट तोच होता आणि सभासदही तेच होते. हाक मात्र वाया गेली. ६ एप्रिलच्या पाठीशी महल्लाच्या कामगारांची कित्येक महिन्यांची संघटित तयारी उभी होती. ४ मेच्या पाठीशी सभासदांचा आकडा तेवढा होता. गिरणगावच्या संपांच्या आठवणी ज्या घरांत अद्याप निघतात, त्या घरांतील वाचकाला हा फरक विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ‘सामील व्हा’ या बटणावर बोट टेकणे निराळे आणि दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे निराळे.

एका मृत तरुणाचा आवाज

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया शहरात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला साध्या वेषातील दोन पोलिसांनी एका इंटरनेट कॅफेतून बाहेर ओढले आणि जीव जाईपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळल्यामुळे तो गुदमरून मरण पावला, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. तथापि शवागारात भ्रमणध्वनीवर टिपलेले त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र काही वेगळेच सांगत होते. ते छायाचित्र हातोहात पसरले.

गूगल कंपनीच्या दुबईतील कार्यालयात विपणनाचे काम पाहणारे वाएल घोनिम हे तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. छायाचित्र पाहून त्यांनी फेसबुकवर एक पान सुरू केले. पानाचे नाव ‘कुल्लना खालिद सईद’, म्हणजे ‘आम्ही सारे खालिद सईद’. पहिल्याच दिवशी ३६,००० लोक त्यास जोडले गेले. अब्देल रहमान मन्सूर हा तरुण कार्यकर्ता पान चालविण्यात घोनिम यांचा सहकारी होता. दोघांनीही आपली नावे कटाक्षाने गुप्त ठेवली. नाटकातला सूत्रधार नांदी झाल्यावर प्रेक्षकांसमोर येऊन चार शब्द बोलतो तरी. हा सूत्रधार पडद्यामागून हललाच नाही.

ॲडमिनच्या नेतृत्वाचे खरे स्वरूप या पानाच्या रोजच्या कारभारात दिसते. याच विषयावर आणखी एक पान आधीपासून होते. परंतु त्याची भाषा कडवट आणि लढाऊ कार्यकर्त्यांची होती. घोनिम यांनी ती टाळली. ज्याने आयुष्यात कधी मोर्चा पाहिला नाही, पोलिसांच्या वाटेला जाऊ नको असे ज्याला घरातून बजावलेले आहे, अशा मध्यमवर्गीय तरुणासाठी त्यांनी लिहिले. ग्रंथांची अरबी न वापरता कैरोच्या गल्लीत बोलली जाते ती अरबी वापरली. मजकूर बहुधा प्रथमपुरुषी असे. जणू मृत खालिदच बोलत आहे. पक्षांची नावे आणि घोषणा यांना जवळजवळ मज्जावच होता. वस्तू विकण्याच्या शास्त्रातून आलेली एक पायरीपद्धतीही त्यांनी बुद्ध्याच अवलंबिली होती. माणसाने आधी नुसते वाचावे, मग पसंती किंवा अभिप्राय नोंदवावा, मग पानाच्या एखाद्या उपक्रमात भाग घ्यावा आणि शेवटी घराबाहेर पडावे. त्या उपक्रमांपैकी एक अगदी साधा होता : ‘आम्ही सारे खालिद सईद’ असे लिहिलेला कागद हाती धरून स्वतःचे छायाचित्र पाठवायचे. भित्र्या देशात आपला चेहरा दाखविणे ही लहान गोष्ट नव्हती.

शेवटच्या पायरीची कल्पना ॲडमिनची नव्हती, ती एका सभासदाने सुचविली. १८ जून २०१० च्या शुक्रवारी अलेक्झांड्रियाच्या समुद्रकिनाऱ्यावर काळे कपडे घातलेली माणसे रस्त्याकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. दोघांत अंतर राखलेले, घोषणा नाहीत, फलक नाहीत. कोणाच्या हाती कुराण, तर कोणाच्या हाती बायबल. परस्परांपासून दूर उभ्या राहून मुकाट्याने धर्मग्रंथ वाचणाऱ्या माणसांना बेकायदा जमाव ठरविणे पोलिसांनाही अवघड होते. सूचना सभासदाची, पण शेकडो सूचनांतून ती नेमकी निवडणे, कपड्यांचा रंग, अंतर, वेळ आणि मौन यांचे नियम लिहून काढणे व ते हजारो अनोळखी माणसांकडून पाळून घेणे, हे काम ॲडमिनचे होते. यालाच नेतृत्व म्हणावयाचे नाही, तर मग कशाला?

सभासदांचा कौल वारंवार घेण्याची पद्धत घोनिम यांनी ठेवली होती. प्रश्नावल्या पाठवून ते मते मागवीत आणि त्यानुसार पुढचे पाऊल टाकीत. त्यामुळे पान सर्वांचे आहे ही भावना वाढली, हे खरेच. तथापि प्रश्न कोणते विचारायचे आणि केव्हा विचारायचे, हे सभासदांच्या हाती नव्हते.

पान कोणाच्या जागेत उभे आहे, याचाही प्रत्यय लवकरच आला. फेसबुकच्या नियमाप्रमाणे खाते खऱ्या नावाने असावे लागते. ॲडमिनची खाती टोपणनावाने असल्याचे कारण होऊन नोव्हेंबर २०१० मध्ये, संसदेच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर, पान बंद पडले. अमेरिकेत राहणाऱ्या एका महिलेने आपल्या खऱ्या नावावर पानाची जबाबदारी घेतली तेव्हा कोठे ते पुन्हा दिसू लागले. लक्षावधी लोकांचे हे व्यासपीठ एका खासगी कंपनीच्या नियमातल्या एका कलमावर तोललेले होते.

एकविसावे ठिकाण

१४ जानेवारी २०११ रोजी ट्युनिशियाचे अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. आता इजिप्तमध्येही काही घडू शकेल, असे प्रथमच वाटू लागले. २५ जानेवारी हा इजिप्तमध्ये पोलीस दिन. १९५२ साली त्या दिवशी इस्माइलिया येथे ब्रिटिश सैन्यापुढे शरण जाण्यास नकार देऊन सुमारे पन्नास पोलिसांनी प्राण दिले होते. ज्या पोलिसांच्या शौर्याचा हा दिवस, त्यांच्याच वारसांच्या जुलमाविरुद्ध तो पाळावयाचा, अशी हाक पानावरून देण्यात आली. घोनिम खासगी कामाचे निमित्त सांगून दुबईहून कैरोला आले.

येथपर्यंतची कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी सांगितला जातो. हाक पानावरून गेली. मोर्च्यांची आखणी कैरोतील निरनिराळ्या तरुण गटांच्या मोजक्या प्रतिनिधींनी समोरासमोर बसून केली. मोर्चे निघण्याची वीस ठिकाणे जाहीर झाली. एकविसावे ठिकाण, बुलाक अल्-दक्रूर ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती, कोठेही लिहिले गेले नाही. वीस ठिकाणी पोलीस वाट पाहत होते. एकविसाव्या ठिकाणाहून निघालेला मोर्चा गल्लीबोळांतून वाढत वाढत तहरीर चौकापर्यंत जाऊन पोहोचला. त्याच दिवसांत एक हस्तपुस्तिका हातोहात फिरत होती. अश्रुधुरापासून बचाव कसा करावा, अंगात काय घालावे, कोठे जमावे याच्या सूचना तीत होत्या. छायाप्रती काढून ती वाटावी, फेसबुक व ट्विटरवर मुळीच टाकू नये, कारण तेथे पाळत आहे, अशी ताकीदही तीतच होती. समाजमाध्यमांची क्रांती म्हणून जिचा गवगवा झाला, तिचे सर्वांत नाजूक काम समाजमाध्यमांपासून दूर ठेवण्यात आले होते.

२७ जानेवारीच्या रात्री घोनिम यांना रस्त्यातूनच उचलण्यात आले. त्यानंतर अकरा दिवस ते डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत कोठडीत होते. २८ जानेवारीस सरकारने देशातील इंटरनेट जवळजवळ संपूर्ण बंद केले. ते २ फेब्रुवारीपर्यंत बंद होते. म्हणजे ॲडमिन तुरुंगात आणि पान अंधारात. पण २८ तारखेच्या शुक्रवारी नमाजानंतर मशिदींतून बाहेर पडलेली गर्दी आधीच्या तिन्ही दिवसांहून मोठी होती. बातमी कळण्याचे साधन तुटल्यावर काय चालले आहे ते पाहण्यासाठीच कित्येक जण बाहेर पडले.

७ फेब्रुवारीस सुटका झाल्यावर त्याच रात्री घोनिम दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत प्रथमच जगासमोर आले. पान आपण चालवीत होतो, हे त्यांनी सांगितले. मुलाखतीत त्यांना आंदोलनात मारल्या गेलेल्या तरुणांची छायाचित्रे दाखविण्यात आली. कोठडीत असल्यामुळे ती त्यांनी पाहिलेली नव्हती. ते ढसाढसा रडू लागले. हा आमचा दोष नव्हे, सत्तेला चिकटून राहिलेल्यांचा आहे, अशा अर्थाचे काही तरी त्या तरुणांच्या आईवडिलांना उद्देशून बोलले आणि मुलाखत अर्धी टाकून उठून गेले. दुसऱ्या दिवशी तहरीर चौक पुन्हा ओसंडला. ११ फेब्रुवारी रोजी मुबारक पायउतार झाले. या अठरा दिवसांत किमान ८४६ नागरिक मारले गेले, असे पुढे अधिकृत चौकशीत नमूद झाले.

सभेचा अध्यक्ष व्यासपीठावर बसतो, मोर्च्याचा पुढारी पहिल्या रांगेत चालतो. लाठी पडली तर आधी त्याच्या डोक्यावर पडण्याचा संभव असतो, आणि लोकही ते पाहत असतात. पडद्यामागून हाक देणाऱ्याला ही सोय नाही. त्याची हाक ऐकून कोण आले, कोण घरी परतले आणि कोण परतलेच नाही, हे त्याला नंतर कळते. घोनिम यांनी स्वतःही किंमत मोजली, हे विसरता येत नाही. पण ती मोजण्यासाठी त्यांना दुबईहून कैरोला यावे लागले. सर्वच ॲडमिन तसे येतात, असे नाही.

वाटाघाटीला कोण बसणार?

मुबारक गेल्यावर सत्ता लष्कराच्या परिषदेकडे आली. आता प्रश्न घोषणांचा नव्हता, निर्णयांचा होता : घटना आधी की निवडणूक आधी, लष्कराशी बोलणी कोणी करावयाची, कोणती मागणी सोडावयाची आणि कोणती धरावयाची. तहरीर चौक भरविणाऱ्या तरुणांपैकी कोणालाही सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार नव्हता, कारण तो त्यांना कोणी कधी दिलाच नव्हता. पानाला पसंती देणारा माणूस त्या पानाचा अनुयायी असतो. मतदार किंवा सभासद या अर्थाने तो बांधलेला नसतो. मार्च २०११ मध्ये घटनादुरुस्तीवर झालेल्या सार्वमतात बहुतेक तरुण गट विरोधी बाजूस होते. ७७ टक्के मते बाजूने पडली. पुढील निवडणुका जिंकल्या त्या गावोगाव शाखा, दवाखाने आणि ओळखीची माणसे असलेल्या जुन्या संघटनेने, म्हणजे मुस्लिम ब्रदरहुडने. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना पदच्युत केले. त्या दिवसानंतर ‘कुल्लना खालिद सईद’ या पानावर नवा मजकूर आला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अहमद माहेर यांना निदर्शनविषयक नव्या कायद्याखाली तीन वर्षांची शिक्षा झाली. खालिद सईदला मारणाऱ्या दोघा पोलिसांना मार्च २०१४ मध्ये फेरसुनावणीनंतर दहा वर्षांची शिक्षा झाली, ती ऐकवायला पान उरले नव्हते.

या अनुभवावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. इटालियन समाजशास्त्रज्ञ पाओलो जेर्बाउदो यांनी इजिप्त, स्पेन व अमेरिका येथील कार्यकर्त्यांशी बोलून २०१२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘नेताविरहित चळवळ’ ही कल्पनाच त्यांनी खोडून काढली. समाजमाध्यमांवरील पुढारी हुकूम सोडत नाही, तर समूहनृत्य बसविणाऱ्या दिग्दर्शकाप्रमाणे गर्दीच्या भावना आणि हालचाली यांची आखणी करतो. त्याचे नेतृत्व मृदू असते, पण ते नेतृत्वच असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तुर्कस्तानात जन्मलेल्या झैनेप तुफेकची यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात दुसऱ्या बाजूवर बोट ठेवले. १९६३ साली वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्यास सुमारे अडीच लाख लोक आले. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची तयारी होती. बसगाड्या, ध्वनिक्षेपक, जेवण, स्वच्छता या कंटाळवाण्या कामांतून माणसे एकत्र काम करावयास, भांडून पुन्हा जुळवून घ्यावयास आणि निर्णय करावयास शिकत गेली. आज तेवढीच गर्दी काही दिवसांत जमते. पण मधले शिक्षण वगळले जाते. म्हणून परिस्थिती पालटली की चळवळ जागच्या जागी थिजते, पहिलीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरीत राहते.

खुद्द घोनिम यांचेही मत पालटले. समाजाला मुक्त करण्यासाठी इंटरनेट पुरेसे आहे, असे आपण म्हणालो होतो ते चुकले, अशी कबुली त्यांनी डिसेंबर २०१५ मधील एका व्याख्यानात दिली. अफवा आवरत नाहीत, माणसे आपल्याच मताच्या लोकांत कोंडून घेतात, चर्चेचे पाहता पाहता झुंडीत रूपांतर होते आणि एकदा घेतलेली भूमिका बदलणे कठीण होऊन बसते, अशी आपल्याच साधनाची लक्षणे त्यांनी सांगितली.

पानाच्या किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न तर चळवळ ओसरल्यावरही मागे राहतो. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली झालेल्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ चळवळीचे एक ट्विटर खाते नक्की कोणाच्या मालकीचे, यावरून जुन्या सहकाऱ्यांतच वाद होऊन तो २०१४ मध्ये न्यायालयात गेला. आर्थिक विषमतेविरुद्ध एकत्र आलेल्या माणसांनी एका परवलीच्या शब्दासाठी वकील द्यावेत, हा प्रकार काहीसा खेदजनकच म्हटला पाहिजे.

नाशिकचा रस्ता

महाराष्ट्राला चळवळी नव्या नाहीत. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली तेव्हा तिच्यात परस्परांशी न पटणारे पक्ष होते. पण निर्णय समितीच्या बैठकीत होत आणि ते कोणी केले हे लोकांना ठाऊक असे. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढले. त्यातील भाषा झणझणीत होती. तथापि प्रत्येक वृत्तपत्राप्रमाणे त्याच्यावरही संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापलेली असत. १८६७ च्या कायद्याने तसे बंधनच होते. समाजमाध्यमांवरील पानाला अशी ओळ नसते.

जुनी संघटना आणि नवे माध्यम यांची जोड कशी बसते, हे मार्च २०१८ मध्ये दिसले. किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येने आदिवासी, ६ मार्च रोजी नाशिकहून पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईस आले. पहिले काही दिवस शहरांना त्यांची फारशी खबर नव्हती. मग लाल टोप्यांची घाटातून उतरणारी रांग आणि फोड आलेल्या, चिरलेल्या तळपायांची छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून पसरली, व मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्याकडेला उभे राहिले. हे काम माध्यमाचे. परंतु ११ मार्चच्या रात्रीचा निर्णय माध्यमाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर वाहतूक अडून विद्यार्थी खोळंबले असते. दिवसभर चालून शीव येथे थांबलेल्या माणसांनी झोप न घेता मध्यरात्रीनंतर पुन्हा चालावे व पहाटेपूर्वी आझाद मैदान गाठावे, असे ठरले; आणि ते चालले. दमलेल्या हजारो माणसांना असे सांगता येणे व त्यांनी ते ऐकणे, ही वर्षानुवर्षांच्या ओळखीची कमाई होती. १२ मार्च रोजी शासनाशी वाटाघाटीला कोण बसणार, हा प्रश्नही पडला नाही. लेखी आश्वासन घेऊन मोर्चा परतला.

ॲडमिन आणि कायदा

भारतात गट चालविणाऱ्यांना आणि गटात लिहिणाऱ्यांना दोन न्यायनिर्णय ठाऊक असणे अगत्याचे आहे. योगायोगाने दोहोंचा संबंध महाराष्ट्राशी येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने त्यास पसंती दिली होती. या प्रकरणाने देशभर चर्चा झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाला आव्हान देण्यात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

दुसरे प्रकरण गोंदिया जिल्ह्यातील. व्हॉट्सॲपवरील एका गटात एका सभासदाने महिला सभासदाविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. ॲडमिनने त्याला ना काढले, ना माफी मागावयास लावले, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो रद्द केला. ॲडमिनकडे मुख्यतः सभासद घेण्याची आणि काढण्याची शक्ती असते, कोणी काय लिहावे यावर मजकूर येण्यापूर्वी त्याचे नियंत्रण नसते. म्हणून समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे खंडपीठाने म्हटले.

या निर्णयाने सामान्य गटचालकाला दिलासा मिळाला, यात संशय नाही. त्याचा आधार मात्र नीट वाचला पाहिजे. ॲडमिनच्या हाती काय आहे आणि काय नाही, यावर तो उभा आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला गटातील कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली. शिवाय केवळ ॲडमिननेच संदेश पाठवावेत, अशी व्यवस्थाही गटात करता येते, आणि चळवळीचे मोठे गट बहुधा तशीच करतात. अशा गटात येणारा प्रत्येक शब्द, प्रत्येक तारीख आणि जमण्याचे प्रत्येक ठिकाण ॲडमिननेच लिहिलेले असते. तेथे ‘मी केवळ ॲडमिन होतो’ असे म्हणावयास जागा राहत नाही.